गोवर : पुरळ उठण्याआधी आणि मावळल्यानंतर

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईतल्या गोवंडीच्या वस्त्यांमधून एकामागोमाग एक मुलं तापाने फणफणलेली दवाखान्यात येऊ लागली. डोळे लाल, नाक वाहतंय, खोकला थांबत नाही आणि चेहऱ्यावरून अंगभर उतरत गेलेलं पुरळ. गोवरच होता. महापालिकेने घरोघर जाऊन पाहणी सुरू केली, केंद्राचं पथक येऊन गेलं, कस्तुरबा रुग्णालयात गोवराच्या मुलांसाठी खाटा राखून ठेवल्या गेल्या. मग भिवंडी आणि मालेगावातूनही तशाच बातम्या आल्या. काही मुलं दगावली. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेल्या मुलांचाच भरणा होता.

त्या आठवड्यांत पालकांनी आशाताईंना, नर्सबाईंना, डॉक्टरांना जे प्रश्न विचारले ते पिढ्यान्‌पिढ्या विचारले जाणारेच होते. गोवर एकदा येऊन गेलेला बरा नाही का? अंगातली उष्णता बाहेर पडतेय, तर औषध कशाला? धाकट्याला कसं जपायचं? लस देऊनही काहींना का होतो? यातल्या बऱ्याच प्रश्नांमागे कुणाचा तरी अनुभव असतो, म्हणून ते झटकून टाकता येत नाहीत. पण त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. गोवर म्हणजे पुरळ, पुरळ आलं की आजार आला आणि पुरळ गेलं की आजार गेला, ही ती समजूत. मुलांच्या जिवावर उठते ती हीच. गोवराचा विषाणू पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पसरत असतो, आणि त्याने केलेलं बरंचसं नुकसान पुरळ मावळू लागल्यावर पुढे येतं.

‘आमच्या वेळी सगळ्यांनाच यायचा’

आजी हे सांगते तेव्हा ती खोटं बोलत नसते. भारतात गोवराची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात आली १९८५ मध्ये. त्याआधी जवळजवळ प्रत्येक मुलाला गोवर व्हायचा, दात यावेत तितक्या ठरल्याप्रमाणे. आणि जे सगळ्यांनाच होतं ते साधंच असणार, असं मनात बसतं. गोवरानंतर दोन आठवड्यांनी एखादं मूल हगवणीने गेलं किंवा छाती भरून गेलं, तर घरच्यांच्या आठवणीत हगवण राहायची, छाती भरणं राहायचं. गोवराचं नाव त्या मृत्यूला लागतच नसे. लस निघाली १९६३ मध्ये; त्याआधी जगात दरवर्षी गोवराने अंदाजे २६ लाख मृत्यू होत, असं जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी सांगते. त्या काळात वाचलेले लोकच आज ‘आम्हाला काही झालं नाही’ असं सांगायला आहेत, हे विसरून चालणार नाही.

ज्या समाजात कुणालाच आधी गोवर झालेला नाही, तिथे तो काय करतो हे फिजी बेटांनी पाहिलं. १८७५ मध्ये फिजीचा राजा सिडनीहून इंग्रजांच्या युद्धनौकेने परतला, तेव्हा जहाजावर गोवर होता. स्वागताला बेटाबेटांवरचे प्रमुख जमले आणि परत जाताना तो घेऊन गेले. काही महिन्यांत सुमारे ४० हजार माणसं मेली; फिजीच्या लोकसंख्येचा हा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त होता. त्यात धडधाकट तरुण होते, म्हातारी माणसं होती. गोवर हा फक्त ‘मुलांचा आजार’ आहे असं आपल्याला वाटतं, कारण आपल्याकडे मोठी माणसं लहानपणीच त्यातून गेलेली असतात किंवा त्यांनी लस घेतलेली असते. ज्याला संरक्षण नाही, त्याला तो कोणत्याही वयात होतो. गरोदर बाईला झाला तर गर्भपाताचा आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो.

हवेतून, तेही आधीच

पुरळ अंगावर दिसतं म्हणून लोकांना वाटतं की हा कातडीचा आजार आहे, हात लावला नाही की झालं. प्रत्यक्षात हा विषाणू श्वासातून आत शिरतो आणि खोकला, शिंका, बोलणं यातून बाहेर पडतो. आजारी माणूस खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तो त्या हवेत टिकू शकतो. गोवराच्या रुग्णाजवळ आलेल्या दहा असुरक्षित माणसांपैकी नऊ जणांना तो होतो. कुणालाच संरक्षण नसेल तर एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना आजार देतो. फ्लूचा रुग्ण एक-दोघांना देतो. माणसाला होणाऱ्या आजारांत इतका वेगाने पसरणारा दुसरा आजार सापडणं कठीण.

एखाद्या खासगी दवाखान्याची बाहेरची खोली डोळ्यांपुढे आणा. दहा बाय दहाची जागा, भिंतीला टेकून बाक, खिडकी बंद, पंखा चालू. अकरा वाजता एक बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन बसते. मुलीला ताप आहे, नाक वाहतंय, डोळे चोळतेय. ‘व्हायरल’ म्हणून औषध घेऊन ती साडेअकराला निघून जाते. बाराला दुसरी बाई सात महिन्यांच्या बाळाला घेऊन येते, जुलाबासाठी. दोघींची गाठही पडलेली नसते. दोन-तीन दिवसांनी त्या मुलीच्या कानामागे पुरळ उठतं, आणि दहा-बारा दिवसांनी त्या बाळाला ताप भरतो. बाळाची आई आठवून आठवून पाहते, पण गोवर आलेलं एकही मूल तिच्या पाहण्यात आलेलं नसतं. पुरळ दिसल्यावर मुलाला वेगळं ठेवणं योग्यच आहे. पुरळ उठल्यापासून चार दिवस तरी शाळा, अंगणवाडी, बारसं, बाजार हे सगळं बंद ठेवायला हवं. पण तोवर पसरायचा तेवढा तो पसरलेला असतो. म्हणूनच निव्वळ काळजी घेऊन गोवर थांबत नाही.

पुरळ आणि संसर्ग यांच्यातलं हे अंतर पहिल्यांदा नीट मोजलं ते पीटर पानुम या डॅनिश डॉक्टराने. १८४६ मध्ये तो जेमतेम २५ वर्षांचा होता. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर ६५ वर्षं गोवर आलाच नव्हता. त्या वर्षी कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर तो पोचला आणि सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० च्या आसपास माणसं आजारी पडली. डेन्मार्क सरकारने पानुमला तिकडे पाठवलं. तो होडीतून गावोगाव फिरला आणि प्रत्येक गावात एकच चौकशी करत राहिला: पहिलं पुरळ कोणत्या तारखेला, आणि त्याआधी हा माणूस कुठे, कुणाला भेटला होता. बेटं एकमेकांपासून तुटलेली, येणंजाणं थोडं, त्यामुळे लोकांना तारखा पक्क्या आठवत होत्या. एका गावचे दहा जण ४ जूनला होडी घेऊन दुसऱ्या गावच्या देवमाशांच्या शिकारीत सामील झाले होते. १८ जूनला दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठलं. अशा नोंदींवरून त्याने ठरवलं की संसर्ग आणि पुरळ यांत साधारण दोन आठवडे जातात. विषाणू म्हणजे काय हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, पण त्याचा हा हिशेब आजही तसाच वापरला जातो.

त्याने आणखी एक गोष्ट पाहिली. १७८१ च्या साथीत लहानपणी गोवर होऊन गेलेली म्हातारी माणसं बेटांवर अजून होती. ६५ वर्षांनी साथ पुन्हा आली तेव्हा त्यांच्यातल्या एकालाही गोवर झाला नाही. एकदा झालेला गोवर जन्मभराचं संरक्षण देतो, हे तिथे स्पष्ट झालं. ‘एकदा येऊन गेलेला बरा’ या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढंच. ते संरक्षण मिळवायला काय मोजावं लागतं, ते पुढे पाहू.

ओळखायचा कसा

आधी ताप, तोही चढता, १०३-१०४ पर्यंत जाणारा. त्याबरोबर खोकला, वाहणारं नाक आणि लाल, पाणावलेले, उजेड सहन न होणारे डोळे. दोन-तीन दिवसांत गालाच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर, मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके येतात. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ हेन्री कॉप्लिक यांनी १८९६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखले जातात. ते एक-दोन दिवसच टिकतात, त्यामुळे पुष्कळदा हुकतात. ताप सुरू झाल्यावर तीन ते पाच दिवसांनी पुरळ उठतं, केसांच्या कडेला आणि कानांमागे आधी, मग चेहरा, छाती-पोट आणि शेवटी हातपाय. सावळ्या कातडीवर ते लाल दिसेलच असं नाही. हात फिरवला तर खरखर जाणवते. पाच-सहा दिवसांत ते त्याच क्रमाने मावळतं आणि मागे तपकिरी डाग, बारीक कोंडा राहतो.

कांजण्यांत पाण्याने भरलेले फोड येतात. गोवरात पाणी नसतं. रुबेला या दुसऱ्या आजारातलं पुरळ गोवरासारखंच असतं, पण ताप हलका असतो आणि मानेमागे गाठी येतात. ताप आणि पुरळ असं जोडीने दिसलं की घरी अंदाज बांधत बसू नये, आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात कळवावं. रक्ताचा नमुना तपासून खात्री करता येते. शिवाय एका रुग्णाची वेळेवर मिळालेली खबर आजूबाजूच्या वीस घरांतली मुलं वाचवू शकते. दवाखान्यात नेताना आधी फोन करावा, म्हणजे मुलाला गर्दीत बसवावं लागत नाही.

कडुलिंबाचा पाला आणि बंद खोली

अनेक घरांत गोवराला देवीचा कोप किंवा देवीचा वास मानतात. मुलाच्या अंथरुणावर कडुलिंबाचा पाला ठेवतात, घरात फोडणी देत नाहीत, मुलाला आंघोळ घालत नाहीत, अंधाऱ्या खोलीत ठेवतात, आणि ‘सगळं बाहेर पडू दे’ म्हणून औषध टाळतात. यातलं सगळंच टाकाऊ नाही. पाल्याने मुलाचं काही बिघडत नाही. उजेड डोळ्यांना खुपतो, तेव्हा मंद उजेडाने मुलाला बरंच वाटतं. मूल घरात राहतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आत घेत नाहीत, हे तर चांगलंच. ज्या काळात हातात दुसरं काहीच नव्हतं त्या काळातल्या बायांनी मुलांची केलेली ही सेवा होती. तिची चेष्टा करणाऱ्या डॉक्टराचं ऐकायला आई पुन्हा येत नाही, हे प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याने ध्यानात ठेवावं.

घात होतो तो खाणं तोडल्याने आणि औषध थांबवल्याने. गोवरात मुलाचं अंग झपाट्याने झिजतं. तोंड आलेलं असतं, भूक मेलेली असते, त्यात जुलाब. अशा वेळी त्याला वरण-भात, पेज, केळं, खिचडी, अंडं, जे खाईल ते थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा द्यायला हवं. फोडणी नको असेल तर नसू द्या, पण तेला-तुपाचा थेंबही बंद करू नका. अंगावर पिणाऱ्या बाळाला जास्त वेळा पाजा. जुलाब असतील तर ओआरएस द्या. तापाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. अॅस्पिरिन मुलांना देऊ नये. कोमट पाण्याने अंग पुसायला, आंघोळ घालायला कसलीही हरकत नाही. डोळे स्वच्छ ओल्या फडक्याने टिपा. मध, रस, काजळ असं काहीही डोळ्यांत घालू नका.

औषधाने गोवर ‘आत जातो’ ही भीती मात्र पूर्णपणे चुकीची आहे. पुरळ म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींनी त्वचेतल्या विषाणूग्रस्त पेशींवर केलेला हल्ला. आत काही साचलेलं नसतं आणि बाहेर काही पडत नसतं.

पुरळ मावळायला लागलं, ताप उतरतोय असं वाटलं आणि मग पुन्हा ताप चढला, तर ती धोक्याची खूण समजावी. बहुतेक वेळा ती न्यूमोनियाची असते, आणि गोवरातले सर्वाधिक बालमृत्यू त्यानेच होतात. मूल शांत असताना किंवा झोपेत असताना त्याचं पोट-छाती उघडी करून एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजा. दोन महिन्यांपासून एक वर्षाच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर रात्र आहे, पाऊस आहे, उद्या बघू, असं म्हणू नका. तडक रुग्णालय गाठा. झटके आले, मूल गुंगीत गेलं, काहीच पिईना, डोळ्याच्या बुबुळावर पांढरट धूसरपणा दिसला, तरीही तेच. दर हजारात एकाच्या आसपास मुलांच्या मेंदूला सूज येते. कानात पू होणं त्यामानाने पुष्कळ मुलांत दिसतं, आणि दुर्लक्ष झालं तर ऐकू येणं कमी होतं.

अँटिबायोटिक घ्यायचं का, हा प्रश्न हमखास येतो. विषाणूवर ते चालत नाही. न्यूमोनिया किंवा कानातला पू जिवाणूंमुळे असेल तर डॉक्टर देतील. गोवराच्या प्रत्येक मुलाला जे द्यायलाच हवं ते ‘अ’ जीवनसत्त्व आहे. गोवर शरीरातला त्याचा साठा संपवतो, आणि आधीच कुपोषित असलेल्या मुलाचं बुबुळ त्यामुळे फुटून कायमचं आंधळेपण येऊ शकतं. सलग दोन दिवस एकेक मात्रा द्यायची असते: सहा महिन्यांखाली ५० हजार युनिट, सहा ते अकरा महिन्यांत एक लाख आणि वर्षावरच्या मुलाला दोन लाख युनिट. डोळ्यांत कमतरतेच्या खुणा असतील तर चार ते सहा आठवड्यांनी तिसरी मात्रा. औषध साधं आणि स्वस्त आहे, पण ते मोजूनच आणि आरोग्य कर्मचाऱ्याकडूनच घ्यावं. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पश्चिम टेक्सासमध्ये गोवराची साथ आली, ७६२ रुग्ण झाले, लस न घेतलेली दोन शाळकरी मुलं दगावली. त्या साथीत काही पालकांनी लशीऐवजी घरीच ‘अ’ जीवनसत्त्व पाजत राहण्याचा मार्ग धरला, आणि काही मुलं यकृतावर ताण आलेल्या स्थितीत रुग्णालयात पोचली. २००० मध्ये ज्या देशाने गोवर हद्दपार झाल्याचं जाहीर केलं होतं, तिथली ही गोष्ट आहे.

बरं झाल्यावर

१९०८ मध्ये व्हिएन्नाचे क्लेमेन्स फॉन पिर्के यांच्या लक्षात आलं की क्षयाच्या त्वचाचाचणीला ठळक प्रतिसाद देणारी मुलं गोवर झाल्यावर काही काळ प्रतिसादच देईनाशी होतात. जणू त्यांचं शरीर क्षयाशी असलेली जुनी ओळख विसरलं होतं. याचं कारण उलगडायला शंभर वर्षं लागली. गोवराचा विषाणू ज्या पेशींना आधी गाठतो, त्यांत आपल्या प्रतिकारशक्तीच्या स्मृतिपेशी असतात. आधी कोणते रोग येऊन गेले, त्यांच्याशी कसं लढलो, याची नोंद या पेशी ठेवतात. पोलीस चौकीत शिरून कुणी जुन्या गुन्हेगारांच्या नोंदवह्या जाळाव्यात, तसं हे आहे. चौकी उभी राहते, शिपाईही असतात, पण ओळखीचा चोर समोरून गेला तरी कुणाला कळत नाही. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताचा, गोवराच्या आधी आणि नंतर, अभ्यास प्रसिद्ध झाला. इतर रोगांविरुद्धच्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं गोवराने पुसून टाकली होती. ती मुलं सधन देशातली, चांगलं खाणारी होती.

गोवरानंतर मूल वर्षभर ‘सारखं आजारी पडतंय’ असं जे आया सांगत आल्या आहेत, त्याचं हे शास्त्रीय कारण. गोवराने मिळणारं जन्मभराचं संरक्षण या किमतीला मिळतं. लशीने ही पुसापुशी होत नाही. याशिवाय एक दुर्मीळ पण भयंकर गोष्ट आहे: गोवराचा विषाणू मेंदूत दडून राहतो आणि साधारण सात ते दहा वर्षांनी, चांगल्या शाळेत जाणाऱ्या मुलाचा अभ्यास एकाएकी बिघडू लागतो, हातपाय झटके देऊ लागतात, आणि मूल हळूहळू सगळं गमावत जातं. एसएसपीई नावाच्या या आजारावर इलाज नाही. अगदी लहान वयात गोवर झालेल्यांना त्याचा धोका जास्त असतो.

लशीविषयी

१९५४ मध्ये बॉस्टनजवळच्या एका शाळेत गोवराची साथ आली असताना टॉमस पीबल्स या तरुण डॉक्टराने मुलांचे नमुने गोळा केले आणि जॉन एंडर्स यांच्या प्रयोगशाळेत त्यातल्या एकातून विषाणू वेगळा काढला. त्या मुलाच्या आडनावावरून त्या वाणाला ‘एडमन्स्टन’ म्हणतात. तो पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला आणि लस झाली. त्याच वंशातला ‘एडमन्स्टन-झाग्रेब’ वाण पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीत असतो. आपल्या कार्यक्रमात आता गोवर आणि रुबेला अशी जोडलस, ‘एमआर’, मिळते. महाराष्ट्रात तिची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली. रुबेला मुलाला फारसा छळत नाही, पण गरोदर आईला झाला तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान आणि हृदय बिघडवतो. म्हणून दोन्ही एकत्र.

लशीसाठी नऊ महिने पूर्ण होईपर्यंत का थांबायचं? आईच्या पोटात असताना तिची प्रतिपिंडं बाळाकडे येतात आणि जन्मानंतर काही महिने टिकतात. ती शिल्लक असताना लस दिली तर लशीतल्या दुबळ्या विषाणूला ती मारून टाकतात आणि लस वाया जाते. फार उशीर केला तर ती ओसरल्यावर बाळ उघडं पडतं. नऊ महिने हा आपल्याकडच्या परिस्थितीत सुचलेला मधला मार्ग. नऊ महिन्यांना दिलेली लस शंभरातल्या सुमारे ८५ बाळांना संरक्षण देते, उरलेल्या पंधरांना देत नाही. ‘लस देऊनही झाला’ त्यातली बरीच मुलं या पंधरांतली असतात. १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यानचा दुसरा डोस मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. दोन्ही डोस झाले की संरक्षण ९७ टक्क्यांच्या घरात जातं. आपल्याकडे दुसरा डोस २०१० पासून सुरू झाला, आणि आजही राहून जातो तो हाच. साथीच्या भागात नऊ महिन्यांखालच्या बाळांनाही गोवर होत असेल, तर सहा महिन्यांपासून एक जादा डोस देतात. मुंबईत २०२२ मध्ये केंद्राने तशाच सूचना दिल्या होत्या. तो जादाच धरायचा. नेहमीचे दोन चुकवायचे नाहीत.

लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रावर नर्सबाईंचा हात नीट पाहा. बाटलीत कोरडी पूड असते. शीतपेटीतल्या द्रावणात ती विरघळवतात, बाटलीवर वेळ लिहितात आणि चार तासांनी उरलेली लस टाकून देतात, मग त्यात कितीही डोस शिल्लक असोत. म्हणून मुलं जमण्याची वाट पाहिली जाते, आणि क्वचित ‘पुढच्या वेळी या’ असंही सांगितलं जातं. एका मुलासाठीही बाटली फोडणं योग्यच असतं. कामाचा खाडा करून आलेली बाई पुन्हा येईलच याची खात्री नसते. उजव्या दंडावर कातडीखाली अर्धा मिलिलिटर लस टोचतात. डाव्या दंडावर बीसीजीचा वण राहतो, एमआरचा काहीच राहत नाही.

टोचल्यावर सात ते बारा दिवसांनी काही मुलांना ताप येतो, थोड्यांच्या अंगावर हलकं पुरळ उठतं. दोन-तीन दिवसांत ते जातं आणि इतरांना त्यापासून धोका नसतो. साधी सर्दी, हलके जुलाब असतील तर लस पुढे ढकलू नका. गरोदर बाईला आणि प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या मुलाला ही लस देत नाहीत. गोवर येऊन गेला असं घरचे सांगत असले तरी लस द्यावी, कारण प्रत्येक पुरळ गोवराचं नसतं आणि जादा डोसाने अपाय होत नाही. शेजारच्या मुलाला गोवर झाला असेल आणि आपल्या मुलाने लस घेतलेली नसेल, तर संपर्कापासून ७२ तासांच्या आत दिलेली लस आजार टाळू शकते किंवा सौम्य करू शकते.

लशीने ऑटिझम होतो ही भीती अजून मोबाइलवर फिरत असते. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टराने १२ मुलांवर लिहिलेल्या एका लेखातून ती निघाली. २०१० मध्ये तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्डचा वैद्यकीय परवाना रद्द झाला. डेन्मार्कमध्ये ६ लाख ५७ हजारांवर मुलांचा मागोवा घेऊन केलेला अभ्यास २०१९ मध्ये आला. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण सारखंच होतं. हा प्रश्न निकालात निघालेला आहे.

गोवर रोखायला वस्तीतल्या ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. जिल्ह्याची सरासरी चांगली असली तरी तेवढ्याने भागत नाही, कारण सुटलेली मुलं सगळीकडे विखुरलेली नसतात. ती एका गल्लीत, एका पालावर, एका वीटभट्टीवर एकत्र असतात. कोविडच्या काळात लसीकरण विस्कळीत झालं. २०२१ या एका वर्षात जगभरात जवळपास चार कोटी मुलांचा गोवराचा एखादा डोस चुकला. गोवंडीत जे दिसलं ते त्याचंच फळ. मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांतल्या बाळाचा नववा महिना फडावर भरतो आणि सोळावाही पुढच्या हंगामात कुठेतरी. गावच्या आशाताईंच्या वहीत ते गैरहजर असतं आणि कारखान्याजवळच्या केंद्राच्या यादीत त्याचं नाव नसतं. त्या बाळाला शोधून काढणं ही आरोग्य खात्याची जबाबदारी आहे, आईला दोष देऊन ती झटकता येणार नाही. भारताने २०२६ पर्यंत गोवर-रुबेला हद्दपार करण्याचं ठरवलं आहे. ते साधेल की नाही हे या पालांवर ठरेल.

तुमच्या घरात, शेजारी, घरकामाला येणाऱ्या बाईंच्या घरी, बांधकामावरच्या वस्तीत पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याचं माता-बाल संरक्षण कार्ड मागून घ्या आणि एमआरच्या दोन्ही रकान्यांत तारीख आहे का ते बघा. कार्ड हरवलं असेल किंवा तारीख नसेल, तर डोस राहिला असं समजून मुलाला जवळच्या सरकारी केंद्रात घेऊन जा. गाव कुठलंही असो, पत्ता कुठलाही असो, वय पाच वर्षांच्या आत असेल तर राहिलेला डोस तिथे मोफत मिळतो.